मृत्युपत्रासाठी वकील निवडताना

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ७१ वर्षांची असून माझे यजमान ७८ वर्षांचे आहेत. गेली चाळीस वर्षे आम्ही नौपाड्यात राहतो. राहता फ्लॅट यजमानांच्या नावे आहे, मुलुंड पूर्वेला सासूबाईंकडून त्यांना आलेली एक खोली आहे, संगमेश्वर तालुक्यात चुलत घराण्यासह सामाईक जमीन आहे, आणि काही मुदतठेवी व शेअर आहेत. मुलगा अमेरिकेत टेक्सस राज्यात स्थायिक आहे. धाकटी मुलगी ३९ वर्षांची असून तिला सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे. ती आमच्याजवळच असते. आमच्या पश्चात तिचे कसे होणार, ही एकच काळजी आम्हाला आहे. यजमानांच्या पुतण्याने त्याच्या ओळखीचे एक वकील सुचवले आहेत. मृत्युपत्र, ट्रस्ट आणि नोंदणी हे सगळे ते एका ठरावीक रकमेत करून देतात, आणि 'कागद तयार आहेत, फक्त नावे घालायची आहेत' असा त्यांचा निरोप आला आहे. मुलगा मात्र म्हणतो की, तिकडे अशा कामासाठी वेगळे तज्ज्ञ वकील असतात, लोक आधी त्यांची मुलाखत घेतात आणि मगच काम देतात. तुम्हीही तसेच करा. आम्ही आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेलो नाही. वकिलाची मुलाखत घ्यायची म्हणजे नेमके काय विचारायचे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील 'कागद तयार आहेत, फक्त नावे घालायची आहेत' या वाक्यापाशी मी थांबले. ज्या घरात स्वतःचे व्यवहार स्वतः पाहू न शकणारी प्रौढ मुलगी आहे, परदेशात मुलगा आहे आणि गावी सामाईक जमीन आहे, त्या घराचे मृत्युपत्र आपल्याला एकदाही न भेटता तयार असूच शकत नाही. त्या वकिलांच्या सनदेबद्दल किंवा प्रामाणिकपणाबद्दल मी काहीही म्हणत नाही. परंतु ज्याने अजून एकही प्रश्न विचारलेला नाही, त्याच्याजवळ उत्तर तयार असणे हेच काळजीचे कारण आहे. म्हणून आपण काय विचारायचे यापेक्षा, वकील आपल्याला काय विचारतात याकडे पहिल्या भेटीत अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन.

आपल्या मुलाचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर आहे. टेक्ससमध्ये मालमत्ता-नियोजन आणि प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाकडून प्रमाणित करून घेणे) या विषयात वकिलांना परीक्षा व अनुभव पाहून तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र देणारी अधिकृत व्यवस्था आहे. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या राज्यांतही तशी सोय आहे. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात विषयवार तज्ज्ञतेचे असे कोणतेही प्रमाणपत्र नाही. त्यामुळे पाटीवर 'मृत्युपत्र व वारसा तज्ज्ञ' असे लिहिलेले असले, तरी ते बिरुद त्या व्यक्तीने स्वतःच घेतलेले असते. शिवाय वकिलांच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे बार कौन्सिलच्या, नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून किंवा मध्यस्थांकरवी अशिले मिळवता येत नाहीत. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी मोजकी माहिती देण्याची मुभा आहे. 'सणानिमित्त सवलतीत मृत्युपत्र' असा संदेश मोबाइलवर आला, तर तो पाठवणाऱ्याविषयी पुढे आणखी चौकशी करण्याची गरज उरत नाही.

ही पारख आधीच करावी लागण्याचे आणखी एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे काम सदोष झाले म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग बंद आहे. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, परंतु त्या कारवाईतून झालेले नुकसान भरून निघतेच असे नाही. आणि मृत्युपत्रातील चूक बहुतेक वेळा ज्याने ते केले तो माणूस गेल्यावरच उघडकीस येते.

माझ्या मामांच्या बाबतीत हेच घडले. त्यांचे मृत्युपत्र तीन पानांचे, व्यवस्थित टंकलिखित आणि रीतसर नोंदवलेले होते. शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या : एक वकिलांच्या कारकुनाची आणि दुसरी, तिरकी व घाईने केलेली, कार्यालयाच्या खाली झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांची. नावापुढे पत्ता म्हणून फक्त 'रा. ठाणे' एवढेच लिहिले होते. अकरा वर्षांनी मामा गेले आणि एका नातेवाइकाने मृत्युपत्राला हरकत घेतली. साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभे करून मृत्युपत्र शाबीत करावे लागते, आणि साक्षीदार हयात असेल तर नोंदणी झाली आहे म्हणून ही गरज टळत नाही. कारकून नोकरी सोडून कोणत्या गावी गेला ते कोणालाच ठाऊक नव्हते. दुकानदार वारले होते. अखेर त्यांच्या मुलाने जुन्या बिलबुकांतून वडिलांची सही ओळखून दिली आणि मामींचा मार्ग मोकळा झाला, पण तोपर्यंत चार वर्षे गेली होती. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, ते आपल्या ओळखीचे असावेत, आणि त्यांचा पूर्ण पत्ता लिहिलेला असावा, इतके ज्या वकिलाने पाहिले असते, त्याने ती चार वर्षे वाचवली असती. तेव्हापासून मी सर्वांना एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगते : 'आपण तयार केलेल्या एखाद्या मृत्युपत्रावर पुढे न्यायालयात वाद झाला का, आणि तेव्हा साक्षीला कोण उभे राहिले?' ज्यांनी मृत्युपत्रे फक्त लिहिली आहेत, त्यांचे उत्तर एका वाक्यात संपते. ज्यांनी ती शाबीतही केली आहेत, ते साक्षीदारांविषयी, डॉक्टरांच्या दाखल्याविषयी आणि पानोपानी सह्यांविषयी बराच वेळ बोलतात.

आता भेटीआधीच्या चौकशीविषयी. वकिलांचा सनद क्रमांक आणि वर्ष सरळ मागावे. ते विचारण्यात अपमान काही नाही, आणि वकीलपत्रावर तो असतोच. क्रमांक खरा आहे की नाही, याची खात्री महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून करून घेता येते. ई-कोर्ट्स या सरकारी सेवेवर वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधण्याची सोय आहे. तेथे ठाणे जिल्हा निवडून पाहिल्यास त्यांची प्रकरणे प्रामुख्याने धनादेश न वटल्याची व मोटार अपघाताची आहेत, की प्रोबेट, वारस दाखला आणि वाटणीचे दावे यांचीही आहेत, हे कळते. दुय्यम निबंधक कार्यालयांच्या बाहेर दस्त लिहून देणारी काही मंडळी स्वतःला वकील म्हणवतात. ती अनुभवी असू शकतात, परंतु सनद नसेल तर उद्या न्यायालयात आपल्या बाजूने उभी राहू शकत नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हे वकील नेमके कोणाचे? आपल्या पत्रात संगमेश्वरच्या सामाईक जमिनीचा उल्लेख आहे. त्या जमिनीत पुतण्याचा किंवा त्याच्या वडिलांचा हिस्सा असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्याच पुतण्याने वकील सुचवले आहेत. पुतण्याचा हेतू चांगलाच असेल, असे मी धरून चालते. तरीही पहिल्या भेटीत स्पष्ट विचारावे : 'आपण आमच्या पुतण्याचे किंवा त्याच्या घरातील कोणाचे काम पाहता का, आणि त्या जमिनीबद्दल त्यांना कधी सल्ला दिला आहे का?' एका पक्षाला ज्या प्रकरणात सल्ला दिला, त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम वकिलाला घेता येत नाही. उत्तर 'हो' असेल, तर मैत्री राखून दुसरीकडे जावे. उत्तर 'नाही' असले, तरी भेटीला पुतण्याला बरोबर नेऊ नये, आणि फीही त्याला भरू देऊ नये.

चांगला वकील यजमानांशी काही वेळ एकट्याने बोलू इच्छितो आणि आपल्यालाही बाहेर बसायला सांगतो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ७८ वर्षांच्या माणसाने कोणाच्याही दबावाशिवाय, समजून-उमजून मृत्युपत्र केले, हे उद्या सांगता यावे म्हणूनच ती काळजी घेतलेली असते. त्याउलट नवरा-बायकोचे एकच संयुक्त मृत्युपत्र करून टाकू, असे कोणी सुचवले, तर त्याचे कारण विचारावे. एकाच्या निधनानंतर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो की नाही यावर वाद होतात, आणि दोन स्वतंत्र मृत्युपत्रे केल्याने ते टळतात.

मालमत्तेविषयी वकिलांनी स्वतःहून काय विचारायला हवे, ते सांगते. नौपाड्याच्या फ्लॅटचे भाग प्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावे आहे, सोसायटीत नामनिर्देशन कोणाचे आहे, आणि इमारत पुनर्विकासाला जाण्याची शक्यता आहे का? नौपाड्यातील जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात असताना मृत्युपत्रात केवळ जुन्या खोलीचा क्रमांक लिहून ठेवणारा वकील पुढच्या पाच वर्षांचाही विचार करीत नाही. 'सदर फ्लॅट किंवा त्याच्या बदल्यात मिळणारी जागा' असे शब्द तेथे हवेत. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती खऱ्या वारसांसाठी विश्वस्त असते. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. 'नॉमिनी लावला आहे ना, मग झाले' असे सांगणारे वकील टाळावेत. संगमेश्वरच्या जमिनीचा चालू सातबारा पाहिल्याशिवाय त्याबद्दल एकही वाक्य लिहिणार नाही, असे सांगणारे वकील निवडावेत.

मुलुंडच्या खोलीवरून वकिलांचे वाचन अद्ययावत आहे की नाही, हेही कळेल. हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट सक्तीचे आहे की नाही, हे आजवर मुलुंड चेकनाक्याच्या कोणत्या बाजूला मालमत्ता आहे यावर ठरत असे, असे म्हटले तरी चालेल. बृहन्मुंबईतील स्थावर मालमत्तेसाठी ते सक्तीचे होते, ठाण्यातील मालमत्तेसाठी नव्हते. २०२५ च्या अखेरीस संसदेने भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधील कलम २१३ वगळले आणि ही सक्तीच संपली. वाद होण्याचा संभव असेल, तर स्वेच्छेने प्रोबेट आजही घेता येते. 'आमच्या मुलुंडच्या खोलीसाठी प्रोबेट लागेल का?' एवढेच विचारावे. जुना नियम ठामपणे सांगणाऱ्या वकिलाने अलीकडचे काही वाचलेले नाही, हे लक्षात येईल.

आता मुलीचा विषय, ज्यासाठी आपण हे सारे करीत आहात. येथे घाई करणारा वकील सर्वाधिक नुकसान करतो. पहिली गोष्ट अशी की, १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, आणि मृत्युपत्रात 'मुलीचा पालक म्हणून अमुक यांस नेमतो' असे लिहिल्याने प्रौढ व्यक्तीला पालक मिळत नाही. सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमण्याची सोय आहे. जिल्हाधिकारी ज्या समितीवर असतात, त्या स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. वकिलांनी या समितीचे नाव आपण सांगण्याआधी घेतले, तर अर्धी परीक्षा पूर्ण झाली, असे मी समजेन.

दुसरी गोष्ट ट्रस्टची. आपल्या मुलीसाठी करायचा तो खासगी ट्रस्ट असतो आणि तो १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली येतो. देवस्थाने, शाळा, रुग्णालये यांचे सार्वजनिक ट्रस्ट वेगळे; त्यांच्यासाठी १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. 'मुलीच्या ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करू' असे ज्यांनी सांगितले, त्यांच्या मनात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. त्यांच्या हाती मुलीचे भवितव्य देऊ नये. तिसरी गोष्ट खर्चाची. फ्लॅट हयातीतच ट्रस्टच्या नावे करायचा, तर दस्त नोंदवावा लागतो आणि त्यावरील मुद्रांक शुल्काचा हिशेब आधी मांडावा लागतो. तोच ट्रस्ट मृत्युपत्रातून निर्माण केला, तर मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. परंतु असा ट्रस्ट आपल्या निधनानंतरच सुरू होतो, आणि यजमान अंथरुणाला खिळले व आपल्यालाही काही करणे अशक्य झाले, तर त्या काळात त्याचा उपयोग होत नाही. या दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे वकिलांनी कागदावर मांडून दाखवावेत. पुढे विचारावे की, विश्वस्त किती असतील, एखादा विश्वस्त वारला किंवा परदेशी गेला तर दुसरा कसा नेमला जाईल, आणि मुलीच्या औषधांसाठी दरमहा पैसे कोणाच्या सहीने निघतील? या शेवटच्या प्रश्नावर जे वकील थांबून आपल्या मुलीच्या दिनक्रमाची चौकशी करतील, तिला कोण आंघोळ घालते, ती कोणाबरोबर जेवते, हे विचारतील, त्यांना हे काम द्यावे.

मुलाची अमेरिकेतील मालमत्ता हा त्याच्या तेथील वकिलाचा विषय आहे. मात्र मुलाच्या नावाबरोबर आपलेही नाव तेथील एखाद्या खात्यावर असेल, तर ते येथील वकिलांना सांगावे. मृत्युपत्राच्या सुरुवातीला 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत' असे वाक्य ठरलेले असते. मर्यादा न घालता ते लिहिले, तर परदेशात केलेले कागदही त्याने रद्द होण्याचा धोका असतो. असे काही आहे का, हे विचारणारा वकील मन लावून काम करणारा आहे.

फीविषयी संकोच करू नये. एकरकमी फी वाईट नव्हे, पण तिच्यात मसुदा किती वेळा बदलून मिळेल, निबंधक कार्यालयात स्वतः वकील येणार की कारकून, आणि सरकारी रकमा वेगळ्या की त्यातच, हे लेखी घ्यावे. सरकारी भरणा ऑनलाइन चलनाने होतो आणि त्याची पावती मिळते. ती आपल्याजवळ ठेवावी. यजमानांना कार्यालयात जाणे कठीण असेल, तर तसे कारण दाखवून निबंधकांना घरी येऊन नोंदणी करण्याची विनंती करता येते. ही सोय नोंदणी कायद्यातच आहे, तिच्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. वकिलांनी स्वतःलाच मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक आणि विश्वस्त नेमण्याचा आग्रह धरला, तर मात्र नम्रपणे नकार द्यावा. ज्याने कागद लिहिला त्याच्याच हाती मुलीची तिजोरी सोपवली, तर त्याच्या हिशेबावर कोणाचीच नजर राहत नाही.

निदान दोन वकिलांना भेटावे आणि सल्ल्याची फी दोघांनाही द्यावी. नावे हवी असतील, तर दिव्यांग मुलांच्या पालकांच्या ज्या संघटना ठाणे-मुंबईत आहेत, तेथील ज्येष्ठ पालकांना विचारावे. ते या वाटेने आधी गेलेले असतात आणि कोणाच्या कार्यालयात आपल्या मुलाशी नीट बोलले गेले, हेही सांगतात.

प्रश्न : वडील गेल्यावर नेरूळचा फ्लॅट आईच्या आणि आम्हा दोघा भावांच्या नावे करण्यासाठी एका वकिलांकडे काम दिले. त्यांनी मूळ करारनामा, भाग प्रमाणपत्र आणि सिडकोची पत्रे ठेवून घेतली. चौदा महिने झाले, काम झालेले नाही. दुसरे वकील पाहावेत म्हणून कागद परत मागितले, तर 'उरलेली फी द्या, मग कागद' असे उत्तर मिळते. काय करावे? आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून नव्या वकिलांबाबत काय पाहावे?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले असून, मागणी करूनही कागद न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असेही म्हटले आहे. वकिलांना फी वसूल करायची असेल, तर त्यांचा मार्ग दाव्याचा आहे. आपण प्रथम कोणकोणते कागद कोणत्या तारखेला दिले याची यादी करून ते परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोचपावती जपावी. पत्राची भाषा सौम्य असावी, कारण पुढे तेच पत्र बार कौन्सिलसमोर जाऊ शकते. त्यानंतरही कागद मिळाले नाहीत, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. तेथे वर्षभरात निर्णय झाला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते.

त्यासाठी आईचे काम मात्र थांबवून ठेवू नये. करारनामा नोंदवलेला असेल, तर त्याची प्रमाणित प्रत आणि 'सूची क्रमांक दोन' (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा) निबंधक कार्यालयातून मिळतात. भाग प्रमाणपत्राची दुसरी प्रत सोसायटीकडून रीतसर अर्ज करून घेता येते. न्यायालयात प्रकरण दाखल झालेले असेल, तर जुन्या वकिलांची संमती घेऊन किंवा न्यायालयाच्या परवानगीने नवे वकीलपत्र द्यावे.

नव्या वकिलांची पारख करताना नवी मुंबईचे वेगळेपण लक्षात घ्यावे. येथील जमीन सिडकोने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, त्यामुळे सोसायटीच्या दप्तरी नाव लागले म्हणजे काम संपले असे होत नाही. सिडकोच्या दप्तरीही वारसांची नोंद व्हावी लागते. 'सिडकोत काय करावे लागेल आणि आधी कोणता दाखला लागेल?' हे विचारावे. महाराष्ट्रात स्थावर मालमत्तेसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालील वारस दाखला अजूनही चालतो, तर बँकेतील रकमा व रोखे यांच्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळे असते. या दोन्हींतील फरक जे वकील आपल्या आईला समजेल अशा भाषेत सांगू शकतील, ते काम ओळखतात असे समजावे. आणि या खेपेस मूळ कागद फक्त दाखवावेत, द्यायच्या त्या प्रती. एखादा मूळ कागद देणे अटळच असेल, तर त्यांच्या लेटरहेडवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नये. आपल्या आईंच्या उत्पन्नाचा प्रश्न असेल, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही सांगून ठेवते.

प्रश्न : मी अविवाहित, निवृत्त शिक्षिका आहे. खारघरमध्ये स्वतःच्या कमाईचा एक फ्लॅट आणि थोड्या ठेवी आहेत. सर्व काही धाकट्या बहिणीला द्यायचे आहे. एवढ्यासाठी वकील हवाच का?
– एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : कायद्याने तशी सक्ती केलेली नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहिलेले चालते; मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांनी आपल्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपली आहे असे आपण त्यांना सांगितलेले असावे, आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात, एवढी मुख्य अट आहे. बहिणीला किंवा तिच्या यजमानांना साक्षीदार करू नये. बहीणच लाभार्थी असल्याने उद्या त्यांच्या साक्षीवर संशय घेतला जाईल.

तरी आपल्याला भाऊ असतील, किंवा दिवंगत भावंडांची मुले असतील, तर एका तासाचा सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू कायद्यानुसार आई-वडिलांच्या पश्चात आपली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते आणि त्यात भावंडे बरोबरीने येतात. म्हणजे बहिणीला सर्व देण्याला हरकत घेऊ शकणारी माणसे आहेत. अशा वेळी मसुदा आपण लिहावा आणि वकिलांना तो केवळ तपासण्यासाठी दाखवावा. 'फक्त तपासून द्याल का, आणि त्याची फी किती?' असे फोनवरच विचारावे. 'आधी वकीलपत्रावर सही करा' असे उत्तर आले, तर दुसरीकडे विचारावे, कारण सल्ल्यासाठी वकीलपत्राची गरज नसते. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : खारघर नवी मुंबईत असले, तरी जिल्हा रायगड आहे, त्यामुळे न्यायालयीन कामाचा प्रश्न आला तर पनवेलच्या न्यायालयात नियमित जाणारे वकील आपल्याला सोयीचे पडतील.

सह्या झाल्यावर मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे बहिणीला सांगून ठेवावे. घरात ठेवायची नसेल, तर मोहोरबंद पाकिटात ती जिल्हा निबंधकांकडे जमा करता येते. तसे केल्यास मिळालेली पावती बहिणीच्या हाती द्यावी.